मजल दरमजल : रेल्वेपूर्व काळातील सहकुटुंब यात्रा

घरातील लहानथोर माणसे, वळकट्या, स्वयंपाकाची मोजकी भांडी आणि कापडाचा निवारा एवढे बरोबर घेऊन दिवसेंदिवस पायी चालावे, सायंकाळी पाण्याच्या काठी पाल ठोकावे आणि पहाटे ते उतरवून पुन्हा वाट धरावी, हा प्रकार हल्ली सुट्टीतील साहसात जमा होतो आणि तो गेल्या शतकातील गिर्यारोहण मंडळांनी आपल्याकडे रूढ केला अशी सर्वसाधारण समजूत आहे. मंडळांचे कार्य थोरच आहे. परंतु मराठी कुटुंबाला हा प्रकार त्यापूर्वी निदान तीनशे वर्षे परिचित होता आणि त्याची रीतभात, त्याचे कायदेकानू, त्याचा जमाखर्च हे सारे ठरून गेलेले होते. आज डोंगरपायथ्याशी तंबूत पाणी शिरले, वाट चुकली, कोणाला ताप भरला की आपण त्याला अनपेक्षित आपत्ती म्हणतो. त्या काळच्या यात्रेकरूने तसे म्हटले नसते. वाटेत नदी फुगणार, बैल लंगडा होणार, चोर भेटणार, बरोबरच्या दहा माणसांपैकी एखादे परत येणार नाही, हे सर्व त्याने उंबरठा ओलांडण्यापूर्वीच गृहीत धरलेले असे. त्या गृहीतावर उभारलेली व्यवस्था हाच या लेखाचा विषय आहे.

दूरच्या यात्रेचे मराठी माणसाच्या मनातील सर्वोच्च ठिकाण म्हणजे त्रिस्थळी, म्हणजे प्रयाग, काशी आणि गया. सोळाव्या शतकात पैठणहून काशीस जाऊन स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नारायणभट्टांनी या तिन्ही क्षेत्रांच्या विधींवर ‘त्रिस्थलीसेतु’ हा ग्रंथ रचला आणि पुढील कित्येक पिढ्या तो प्रमाण मानला गेला. वाहनात बसून गेल्यास यात्रेचे पुण्य उणावते हा धर्मशास्त्रकारांचा विचार लोकमानसात इतका मुरलेला होता, की ऐपत असूनही पायी चालणारे पुष्कळ असत. पालखी, मेणा किंवा डोली ही वृद्धांसाठी, लेकुरवाळ्यांसाठी आणि सरदारघरच्या स्त्रियांसाठी. मध्यम स्थितीतील माणसांना सामानापुरते एखादे तट्टू किंवा भाड्याचा बैल मिळाला तरी ते समाधान मानीत. आणि येथे एक गोष्ट आवर्जून नमूद केली पाहिजे. ज्या समाजात स्त्रीला माहेर आणि सासर यांखेरीज तिसरा गाव पाहण्याचा प्रसंग क्वचितच येई, त्या समाजात तीर्थयात्रा हा तिच्यासाठी जग पाहण्याचा एकमेव सन्मान्य मार्ग होता. विंध्य ओलांडलेल्या, नर्मदेचा उतार पाहिलेल्या, परमुलखातील बाजारात स्वतः शिधा निवडून घेतलेल्या आज्या त्या काळी गावोगाव होत्या आणि त्यांच्या शब्दाला घरात निराळे वजन असे.

निघण्याची तयारी दोन महिने आधीपासून चाले. प्रस्थानापूर्वी गणेशपूजन, उपोषण आणि घृतश्राद्ध हे विधी होतच. परंतु त्यांच्या बरोबरीने लौकिक व्यवहाराची निरवानिरवही तितक्याच गांभीर्याने होई. सावकाराचे देणे फेडायचे किंवा त्याचा रोखा नवा करून द्यायचा, शेत कोणाकडे बटाईने लावायचे ते ठरवायचे, वतनाचे कागद भावाच्या स्वाधीन करायचे, मुलीचे लग्न राहिले असेल तर ते उरकून घ्यायचे किंवा त्याची जबाबदारी कोणावर तरी चार माणसांसमक्ष टाकायची. परत येणे हा अनुग्रह समजला जाई, हक्क नव्हे. म्हणूनच यात्रेहून सुखरूप परतल्यावर मावंदे घालण्याची प्रथा पडली. यात्रेत काय घडू शकते हे ज्यांना पक्के ठाऊक होते, अशा लोकांचे ते आभारप्रदर्शन होते.

रोकड जवळ बाळगणे म्हणजे संकटाला आमंत्रण, म्हणून पैसा हुंडीने जाई. पुण्याच्या किंवा नाशिकच्या पेढीवर रक्कम भरावी, हुंडी घ्यावी आणि ती काशीच्या आडत्याकडे वटवावी. या व्यवहाराची दूरदृष्टी अशी, की हुंडी वाटेत गहाळ झाली तर तिच्याबद्दल ‘पेठ’ मिळे आणि तीही हरवली तर ‘परपेठ’. एकाच रकमेचा कागद एकदा नव्हे तर दोनदा हरवेल, याची तजवीज ज्या सावकारीने करून ठेवली होती, तिला मार्गाचा स्वभाव पुरता कळला होता असे म्हटले पाहिजे. हुंडीखेरीज राहदारीचे दस्तक लागे. ते जवळ असले म्हणजे चौकीवरचा जकातदार बोचके सोडून पाहण्याच्या भरीस सहसा पडत नसे. नसले तर प्रत्येक घाटाखाली आणि प्रत्येक नदीच्या उतारावर हुज्जत ठरलेली.

एकटे कुटुंब कधीच निघत नसे. एका गावची, एका पेठेची किंवा एका भाऊबंदकीची मंडळी मिळून संग करीत. त्याला एखादा यात्रा करून आलेला वडीलधारा पुढारी लाभला की आजूबाजूच्या गावांतून माणसे येऊन मिळत आणि पंधरा माणसांचा संग पाहता पाहता शंभरांचा होई. दशम्या आणि गूळ पहिल्या काही दिवसांपुरता, पुढे सातूचे पीठ, आणि तेही सरले की मुक्कामाच्या वाण्याकडून शिधा घेऊन तीन दगडांची चूल. निवाऱ्याच्या कापडात मात्र दर्जा दिसे. पेशव्यांच्या दरबारी यासाठी फरासखाना हे स्वतंत्र खाते होते; डेरे, शामियाने, कनाती, जाजमे यांची मोजदाद, दुरुस्ती आणि वाहतूक त्याच्याकडे असे. (पुण्यात एका पोलीस चौकीच्या नावात तो शब्द अद्याप जिवंत आहे.) शिलेदाराची राहुटी, त्याहून गरिबाचे पाल, आणि ज्याला तेही परवडत नसे त्याला धर्मशाळेची ओसरी, देवळाचा सभामंडप, नाहीतर गावाबाहेरील वडाचा पार. पाल म्हणजे दोन काठ्या, एक आडवा वासा, त्यावरून टाकलेले जाड कापड, चार मेखा आणि तेवढेच तणावे. जमीन मुरमाड असली की मेख शिरत नसे आणि काळी असली की पहिल्या वळिवात ती लोण्यातून सुटावी तशी सुटून येई. चैत्र-वैशाखातल्या रात्री वावटळीसह पाऊस कोसळावा, तणावे तुटावेत, कापड उडून काटेरी बाभळीत अडकावे आणि लेकरांना पोटाशी धरून बायकांनी उरलेली रात्र बैलांच्या आडोशाला काढावी, हा अनुभव बहुतेक प्रत्येक संगाच्या वाट्याला येत असे.

दिवसाची मजल चार-पाच कोसांची. पुण्याहून काशी सुमारे 1,400 किलोमीटर. म्हणजे कोठेही न थांबता चालले तरी तीन महिने हवेत. पण न थांबता कोण चालणार? अमावास्येला आणि ग्रहणाला मुक्काम, कोणी आजारी पडले की मुक्काम, नदीला पूर आला की तो ओसरेपर्यंत मुक्काम, आणि आषाढ लागला की मिळेल त्या मोठ्या गावी चातुर्मासाचा दीर्घ मुक्काम. त्रिस्थळी करून घरी पोचायला वर्ष लागणे ही सामान्य गोष्ट होती. तापी आणि नर्मदा या दोन नद्या उतरणे ही यात्रेतील पहिली मोठी परीक्षा असे. नावेची उतराई परवडत नसेल तर सांगडीवर बसावे लागे. बैलांना पोहून नेताना एखादे जनावर धारेला लागे आणि त्याच्या पाठीवरचे सामान डोळ्यांदेखत वाहून जाई. त्या सामानात बहुधा धान्य असे, आणि पुढचा बाजार तीन मजलांवर.

रोगराईचे भय चोरांहून मोठे होते. पटकीची साथ 1817 साली बंगालमधील जेसोर भागात उद्भवली आणि त्याच वर्षी हिवाळ्याच्या तोंडी बुंदेलखंडात पेंढाऱ्यांविरुद्ध जमलेल्या गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या छावणीत शिरून तिने हजारो माणसे नेली. जी बाधा शिस्तबद्ध फौजेच्या तळाला आवरली नाही, ती पाणवठ्याच्या काठी दाटीवाटीने उतरलेल्या संगाला कशी आवरावी? पुढची अनेक दशके जत्रेच्या गावाहून परतणाऱ्या लोकांच्या मागोमाग ही साथ हिंडत राहिली. वाटेत माणूस गेले तर त्याचे दहन तिथेच नदीकाठी होई, अस्थी तांब्यात घेऊन संग पुढे निघे. कारण मागे राहिलेल्या एका कुटुंबाला त्या रानात सोबत कोणाची? दुःख करण्यासाठी थांबण्याचीही मुभा नसलेला तो प्रवास होता आणि तो ज्यांनी केला त्यांच्या धैर्याविषयी आपण फार थोडे लिहिले आहे.

चोरीच्या बाबतीत मराठी राज्यातील ग्रामव्यवस्थेने जो बंदोबस्त केला होता तो मला त्या काळच्या राज्यकारभारातील एक अत्यंत शहाणी योजना वाटतो. वाटसरूची चोरी ज्या गावाच्या शिवारात झाली त्या गावाचे पाटील आणि जागले तिला जबाबदार. रामोशी किंवा महार जागल्या पावलांचा माग काढीत निघे. तो माग शेजारच्या गावाच्या शिवेत नेऊन दाखवला की जबाबदारी त्या गावावर जाई, तिथला जागल्या तो पुढे नेई, आणि जेथे माग खुंटला त्या गावाने माल शोधून द्यावा किंवा भरपाई करावी. पेशवाई गेल्यावर दख्खनचा कमिशनर झालेल्या एल्फिन्स्टनने 1819 च्या आपल्या प्रसिद्ध अहवालात या पद्धतीचे तपशीलवार वर्णन केले आहे. परक्या मुलखातील निराधार वाटसरूचे गाठोडे हा साऱ्या गावाच्या अब्रूचा प्रश्न करून टाकणे, हे त्या व्यवस्थेचे मर्म. अर्थात ती सर्वत्र आणि सर्व काळ चालली असे म्हणता येणार नाही. सरहद्दीच्या रानात, राज्ये बदलत असताना, होळकर-शिंद्यांच्या दंग्यात आणि पेंढाऱ्यांच्या धामधुमीत ती कोलमडली. मध्य हिंदुस्थानात ठगांच्या टोळ्या यात्रेकरूंच्याच वेशात संगाला येऊन मिळत, दोन-चार मजला गोड बोलून सोबत करीत आणि निर्जन मुक्कामी गळ्याला फास लावीत. 1830 नंतर स्लीमनच्या बंदोबस्ताने त्यांचा बीमोड होईपर्यंत ही दहशत टिकली. म्हणून ऐपतदार लोक बदरका घेत, म्हणजे शस्त्रधारी सोबत, जी एका हद्दीपासून दुसऱ्या हद्दीपर्यंत पोचवून परत फिरे.

या सर्व बंदोबस्ताचे सर्वांत भव्य रूप 1735-36 सालच्या राधाबाईंच्या यात्रेत दिसते. थोरल्या बाजीरावांची ही वृद्ध माता पुण्याहून निघाली ती उदेपूर, जयपूर असा वळसा घेत काशी-गयेस पोचली आणि वर्षाहून अधिक काळाने परतली. ज्यांच्या मुलखातून तिचा तळ हलत होता त्यांपैकी कित्येकांशी पेशव्यांचा चौथाईवरून उघड तंटा चालला होता. परंतु उदेपूरच्या राण्याने आणि जयपूरच्या सवाई जयसिंगाने तिचा मातेसारखा सत्कार केला. आणि ज्या महंमदखान बंगशाला बाजीरावांनी 1729 साली जैतपुरास कोंडून शरण आणले होते, त्यानेही या यात्रेत विघ्न आणले नाही, उलट तिची बडदास्त ठेवली. यात राजकारण होतेच. बाजीरावांच्या मातेला दुखवून कोणाला आपल्या मुलखावर मराठी फौज ओढवून घ्यायची होती? पण नुसत्या भीतीने एवढे औदार्य घडत नाही. तीर्थाला निघालेल्या वृद्धेचा तळ हा वैराच्या कक्षेबाहेरचा आहे, असा एक संकेत त्या काळच्या हिंदू-मुसलमान दोन्ही दरबारांत मानला जात होता आणि शत्रूच्या घरच्या माणसांना तो लागू करण्यात त्यांना प्रतिष्ठा वाटत होती.

पंचवीस वर्षांनी हाच विश्वास पानिपतावर रक्तात बुडाला. 1760 च्या वसंतात सदाशिवरावभाऊंची फौज उत्तरेस निघाली तेव्हा तिच्याबरोबर भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई होत्या, सरदारांचे कबिले होते आणि फौजेच्या आश्रयाने यात्रा पदरात पडेल म्हणून निघालेले असंख्य साधे लोकही होते. त्यांतच अठरा वर्षांचे नाना फडणीस होते, आई आणि पत्नी यांना घेऊन. या बाजारबुणग्यांमुळे पानिपत बुडाले असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते, आणि लष्करी दृष्टीने त्यात तथ्यही आहे; चपळाई हेच ज्यांचे बळ त्या फौजेच्या पायांत एवढे लटांबर अडकायला नको होते. परंतु त्या माणसांना मूर्ख ठरवण्याची घाई करू नये. फौजेबरोबर यात्रा करणे हीच त्या काळची सर्वांत सुरक्षित यात्रा होती; यापूर्वी अनेक स्वाऱ्यांत ती सुखरूप पार पडली होती. त्यांची चूक एवढीच, की ज्या भिंतीच्या आडोशाला ते उभे होते ती भिंत पडू शकते हे त्यांच्या हिशेबात नव्हते. ऑक्टोबरात कुंजपुरा जिंकल्यावर फौज कुरुक्षेत्राच्या स्नानाकडे वळली आणि तेवढ्या अवधीत अब्दाली बागपतेजवळ यमुना उतरून दक्षिणेची वाट अडवून बसला. नंतरचे अडीच महिने तो प्रचंड तळ जागच्या जागी उपासमारीत झिजत राहिला आणि 14 जानेवारी 1761 रोजी त्याचा शेवट झाला.

नानांनी पुढे आपले जे आत्मवृत्त लिहिले त्यात या पळापळीची हकीकत आहे आणि मराठीतील गद्यात तिच्याइतके उघडे, निराभरण लेखन फार थोडे आहे. घोडा गेला, अंगावरची वस्त्रे टाकून द्यावी लागली, शत्रूची माणसे दिसली की गवतात लपायचे, अंधारात चालायचे, भूक असह्य झाली तेव्हा झाडपाला चावायचा. पुढे बारा भाईंच्या राजकारणात ज्याच्या शब्दावर राज्य तोलले गेले त्या पुरुषाची ही आयुष्यातली पहिली पायी यात्रा. पत्नी पुढे सापडली. आई सापडली नाही. तीर्थे घडावीत म्हणून जिला बरोबर आणले तिचा अंत त्या धामधुमीत झाला. मोठेपणी नानांच्या स्वभावात जो सावधपणा, जी सर्व वाटांवर पहारा ठेवण्याची वृत्ती दिसते, तिचे मूळ इतिहासकार दरबारातील कारस्थानांत शोधतात. मला ते पानिपताहून दक्षिणेकडे आलेल्या त्या वाटेवर सापडते.

पानिपतानंतर संग थांबले नाहीत. उलट पुढच्या तीन दशकांत उत्तरेची वाट अधिक सुसह्य झाली आणि त्याचे श्रेय एका व्यक्तीला आहे. अहिल्याबाई होळकरांनी काशीविश्वेश्वराचे देऊळ पुन्हा उभारले, गयेचे विष्णुपद बांधले हे सर्वांना ठाऊक असते. परंतु पायी चालणाऱ्याच्या दृष्टीने त्यांची खरी थोरवी देवळांच्या दरम्यानच्या वाटेत आहे. विहिरी, बारवा, धर्मशाळा, अन्नछत्रे, घाटाच्या पायऱ्या, अशा ज्या ज्या जागी चालणारा माणूस थकतो त्या त्या जागी त्यांचे बांधकाम उभे आहे. त्यांच्यामागे ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांनी काशीत ज्ञानवापीभोवती खांबांचा मंडप बांधला, अमृतराव पेशव्यांनी घाट बांधून अन्नदान चालवले, आणि दुर्गाघाट-ब्रह्माघाटाच्या परिसरात मराठी वस्तीच अशी वसली, की वरसईचा किंवा वाईचा माणूस तीन महिन्यांच्या परभाषेनंतर तेथे पोचला की त्याच्या कानावर आपली बोली पडे.

वरसईचे नाव सहज आले नाही. पेणजवळच्या त्या गावातील विष्णुभट गोडसे 1857 साली आपले चुलते रामभट यांच्याबरोबर उत्तरेस निघाले. घरावर कर्ज होते. मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, तेथे दक्षिणा मिळेल, ही आशा. घरच्यांचा पुतण्याला एकटे सोडण्याचा धीर होईना, म्हणून वडीलधारे चुलते सोबतीला. म्हणजे मूळ बेत अगदी साधा, घरगुती: चुलता-पुतण्याने पायी जावे, चार पैसे मिळवावेत, जमल्यास काशी करावी आणि परत यावे. महूच्या अलीकडे वाटेत भेटलेल्या शिपायांच्या बोलण्यातून त्यांना कळले, की फौजा बिघडल्या आहेत आणि थोड्याच दिवसांत उठाव होणार. त्या क्षणी ते परत फिरले असते तर मराठी वाङ्मय एका अद्वितीय ग्रंथाला मुकले असते.

ते फिरले नाहीत आणि फिरण्याजोगी वाटही पुढे उरली नाही. धार, उज्जैन, ग्वाल्हेर करीत हे दोघे झाशीस राणी लक्ष्मीबाईंच्या आश्रयाला पोचले आणि 1858 च्या मार्च-एप्रिलात सर ह्यू रोजने शहराला वेढा घातला तेव्हा आतच सापडले. तोफांचा मारा, शहराचा पाडाव, घरोघर शिरलेले गोरे शिपाई, कत्तल, आग, लूट हे सर्व एका भिक्षुकाने उघड्या डोळ्यांनी पाहिले आणि पाहिले तसे सांगितले. जमवलेले द्रव्य लुटले गेले. नंतर वाटेत पुन्हा मिळवले, पुन्हा चोरांनी नेले. काल्पीच्या वाटेवर विहिरीशी त्यांना धुळीने माखलेल्या, तहानलेल्या राणीचे दर्शन झाले. त्यांनी पाणी काढून देऊ केले तर तिने त्यांना थांबवून स्वतः पाणी शेंदले आणि ओंजळीने प्याली, असे ते लिहितात. मोठमोठ्या इंग्रजी इतिहासांत जो प्रसंग नाही तो येथे आहे, कारण इतिहास लिहिणारे घोड्यावर होते आणि हा माणूस पायी होता.

यापुढची गोष्ट मला अधिक हृदयंगम वाटते. सर्वस्व गेल्यावरही चुलता-पुतण्यांनी काशीचा बेत सोडला नाही. प्रयाग, काशी झाली. आणि परतताना गंगेची कावड खांद्यावर घेऊन विष्णुभट शेकडो कोस चालत वरसईस आले, कारण आईवडिलांना गंगोदक पोचवायचे होते. द्रव्य मिळवण्यासाठी निघालेला मुलगा तीन वर्षांनी पाणी घेऊन परतला आणि घराने ते कृतार्थ मानले. पुढे चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी 1883 च्या सुमारास ही हकीकत लिहिली. ती ‘माझा प्रवास’ या नावाने 1907 साली वैद्यांनी छापली, तेव्हा लेखक हयात नव्हते. वैद्यांनी भाषेत आणि मजकुरात पुष्कळ फेरफार केले होते. मुळाबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी 1966 साली सिद्ध केली.

विष्णुभट उत्तरेत भटकत होते तेव्हा बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू होऊन चार-पाच वर्षे लोटली होती. 1863 साली बोरघाटातून रूळ वर चढले, 1870 साली जबलपुरावरून मुंबई आणि कलकत्ता जोडली गेली, आणि 1887 साली काशीजवळ गंगेवर पूल झाला. वर्षाची यात्रा काही दिवसांवर आली. लक्षावधी गरिबांना, विधवांना, वृद्धांना जी काशी केवळ ऐकून ठाऊक होती ती दिसली. या लाभापुढे जुन्या वाटेविषयी हळहळणे अन्यायाचे होईल. तरीही त्याबरोबर काय नाहीसे झाले याची नोंद केली पाहिजे. संग मोडला, कारण तिकीट प्रत्येकाचे स्वतंत्र. बारवांत गाळ साचला, वाटेवरच्या धर्मशाळा ओस पडल्या, हुंडीची पेठ-परपेठ विसरली गेली, आणि परक्या वाटसरूच्या गाठोड्याची जोखीम गावाने उचलण्याचा रिवाज पुस्तकात गेला.

संपूर्ण नाहीसे मात्र काहीच होत नाही. आळंदीहून पंढरीस जाणाऱ्या ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचे रूप देणारे हैबतबाबा आरफळकर हे साताऱ्याकडील आरफळचे, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी असलेले सरदार. उत्तरेतून घरी येताना सातपुड्यात ते लुटारूंच्या तावडीत सापडले, कोंडले गेले, आणि कैदेत हरिपाठाचा आधार धरून राहिल्यावर त्यांची सुटका झाली, असे संप्रदायातील परंपरा सांगते. घराकडे न जाता ते आळंदीस आले आणि 1832 च्या सुमारास त्यांनी दिंड्यांचा क्रम, तळाची शिस्त, चोपदारांचे अधिकार बांधून दिले. लष्करी मुक्कामाची सगळी रीत त्यांना अवगत होती. ती त्यांनी भक्तांच्या स्वाधीन केली. म्हणून आजही दिवे घाट चढून आलेल्या दिंड्या तळावर आपापल्या नेमलेल्या जागी राहुट्या उभारतात, घरची तीन पिढ्यांची माणसे एका पालाखाली निजतात, पाऊस आला की चर खणतात, आणि सायंकाळी समाज आरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावून सर्वांना शांत केल्यावर हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तूंची नावे पुकारली जातात. ज्याला जे सापडले ते तो आणून देतो. वाटेतील हानी ही सर्वांची जबाबदारी, हा जुन्या संगाचा नियम तिथे अद्याप रोज पाळला जातो.

या विषयाची साधने अजून पुरती गोळा झालेली नाहीत. त्र्यंबक, नाशिक, काशी, गया येथील क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत कोण कधी आले, बरोबर बायकामुले कोणती होती, कोण वाटेत निवर्तले याच्या नोंदी आणि सह्या आहेत. परंतु त्या बहुतांशी ब्राह्मणांच्या, वतनदारांच्या आणि सावकारांच्या घराण्यांच्या. ज्या भोयांनी मेणे वाहिले, ज्या जागल्यांनी माग काढले, ज्या बायकांनी पावसात चूल पेटवली त्यांची हकीकत मिळालीच तर घराघरांतील फुटकळ कागदांतून मिळेल. यात्रेच्या खर्चाची याद, मुक्कामांची टाचणवही, वाटेवरून धाडलेले पत्र, वटवून परत आलेली हुंडी, असे काही ज्यांच्या माळ्यावरच्या पेटीत असेल त्यांनी ते कसरीच्या तोंडी जाण्यापूर्वी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा जवळच्या एखाद्या दप्तरखान्यात नेऊन दाखवावे, आणि त्यात नावे येणारी माणसे कोण होती हे घरात सांगणारे कोणी वृद्ध असतील तर ते आजच लिहून घ्यावे.